सिद्रामनानांचा पट्टा आणि भागूआत्याची शेळी

परवा माझ्या नातीनं घरात वजनाचा काटा आणला. सकाळी उठली की ती त्याच्यावर उभी राहते, आकडा बघून तोंड पाडते, आणि मग दिवसभर काय काय खायचं नाही याची यादी वाचत बसते. पदार्थांची नावं वाचून वाचून तिला भूक लागते, मग खाते. मी काही बोलत नाही. म्हातारीचं ऐकतंय कोण? पण मनातल्या मनात म्हणते, पोरी, तुला आमची भागूआत्या भेटायला पाहिजे होती. तिच्याकडं काटाबिटा काही नव्हता. एक शेळी होती.

मी तेव्हा सोळा वर्षांची असेन. तीस साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. सोलापुरात, शुक्रवार पेठेत, नवी सून म्हणून आले होते. आमच्या भिंतीला भिंत लागून सिद्रामनानांचं घर. नाना एका सरकारी कचेरीत पट्टेवाले. साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसायचं, घंटी वाजली की आत जायचं, बाहेर यायचं, पुन्हा बसायचं. बावीस वर्षं असं बसून त्यांचं पोटही सरकारी झालं होतं, म्हणजे कुणी हलवायला गेलं तर जागचं हलणार नाही असं. कमरेला रुंद चामडी पट्टा, त्यावर पितळेचा बिल्ला. बिल्ला ते रोज चिंचेनं घासायचे, त्यात तोंड दिसायचं. पण पट्टा जुळत नव्हता. शेवटचं भोक आणि बक्कल यांच्यात चार बोटांचं अंतर. ते नानांनी सुतळीनं बांधलं होतं आणि वरून सदरा सोडला होता. गल्लीत हे सगळ्यांना माहीत, कचेरीत कुणाला नाही.

मग एक दिवस नव्या गोऱ्या साहेबाची टाचणी खाली पडली. नाना उचलायला वाकले, सुतळी तुटली, आणि बिल्ल्यासकट पट्टा साहेबाच्या बुटावर पडला.

साहेब हसला नाही. म्हणाला, तीन महिन्यांनी वरचा साहेब तपासणीला येणार आहे. त्या दिवशी पट्टा भोकात बसला तर तू पट्टेवाला. नाही बसला तर बिल्ला टेबलावर ठेव आणि घरी जा.

नाना घरी आले ते मेलेल्या माणसासारखे. पट्ट्याला तुकडा जोडून घ्यायला चांभाराकडं गेले, तर तो म्हणाला, "नाना, सरकारी शिक्का हाय ह्यावर. ह्याला आरी लावली तर उद्या मलाच आत घालतील." गावाकडं परत जावं तर तिकडं रान कोरडं, आणि नानांना स्टुलावर बसण्याशिवाय काही येत नव्हतं, हे तेच सांगायचे.

आता त्यांच्या बायकोचं सांगते, म्हणजे शेवंताकाकूंचं. बाई मायाळू, पण माया सगळी पळीतून वाहायची. "नको" हा शब्द त्यांच्या कानापर्यंत पोचायचाच नाही. चार घास ताटात राहिले तर डोळ्यात पाणी आणून म्हणायच्या, "का? माजा हात बिगडला का?" नवऱ्याचं पोट म्हणजे त्यांना मिळालेलं बक्षीस होतं. चारचौघींत ते पोट चालत आलं की त्यांची मान ताठ व्हायची.

तर नवरा-बायकोनं मिळून उपाय काढला. उपास! सोमवार महादेवाचा, गुरुवार स्वामींचा, शनिवार मारुतीचा, शिवाय एकादशी, चतुर्थी. आठवड्यात जेवणाचे वार हुडकावे लागायचे. आता उपास म्हटल्यावर काकूंच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. भगर, तिच्यावर शेंगदाण्याची दाट आमटी, तुपात परतलेला रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू, केळी, आणि "दिवसभर पोटात काय न्हाय ओ माणसाच्या" म्हणून संध्याकाळी पुन्हा तेच. महिन्यानं नानांनी पट्टा लावून बघितला. चार बोटांची सहा बोटं झाली होती.

"देव परीक्षा बगतोय," काकू म्हणाल्या.

तेव्हा नानांनी अक्कलकोटच्या पलीकडच्या त्यांच्या गावाला निरोप धाडला. तिथं त्यांची थोरली बहीण होती. नाना तिला आक्का म्हणायचे. नानांची पोरं आत्या म्हणायची, म्हणून सगळी गल्लीच आत्या म्हणायला लागली. भागूआत्या.

आली ती चालतच आली म्हणायची. खरं खोटं देव जाणे. एका हातात शेळीची दोरी, डोक्यावर गाठोडं. बाभळीच्या फांदीसारखी वाळकी, उंच, आणि साठीतही दात सगळे. तिची एक खोड होती. माणूस भेटलं की बरं हाय का, कसं काय, असलं ती काही विचारायची नाही. सरळ पोटावर एक चापट मारायची आणि आवाजावरून ठरवायची. बायकांच्या, पोरांच्या, कुणाच्याही. माझ्या पोटावर मारली आणि माझ्या सासूबाईंना म्हणाली, "हिला खायला घाला की जरा. रिकामा माठ वाजतोय." सासूबाई आठ दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

नानांच्या पोटावर मारली आणि कान देऊन आवाज ऐकला. मग शेळीला म्हणाली, "तानी, लई दिस ऱ्हावं लागतंय बग हितं."

शेवंताकाकूंनी नणंद आली म्हणून शिरा केला होता. आत्यानं बोटभर चाखला आणि ताटावर हात आडवा धरला. "साकू."

साकू म्हणजे कानडीत पुरे. त्यांच्या गावात निम्मं बोलणं कानडी. काकूंनी तरी पळी पुढं केली. आत्याचा हात हलला नाही. पळीतला शिरा हातावर पडला. आत्यानं तो हात तसाच तानीपुढं धरला, तानीनं चाटून साफ केला. "आता पुरे म्हनलं की पुरे हुतंय का न्हाय?" आत्या म्हणाली. काकूंनी पुन्हा तिला आग्रह म्हणून केला नाही.

मला वाटलं, आता ही बाई भावाची उपासमार करणार. गल्लीतल्या सगळ्यांनाच वाटलं. पण मी भिंतीपलीकडून ऐकत होते ना, म्हणून सांगते, दोन महिन्यांत तिनं नानांना एकदाही "खाऊ नको" म्हटलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "पोरी, खाऊ नगं म्हनलं की बाप्या चोरून खातो. आन चोरून खाल्लेलं दुप्पट अंगाला लागतंय."

मग केलं काय? पहिलं, नानांचं ताट घालवलं. ते ताट म्हणजे सुपाएवढं, पितळेचं, काकूंच्या माहेरचं. त्यात चार भाकऱ्या ठेवल्या तरी मैदानात चार माणसं उभी असल्यासारखं दिसायचं. आत्यानं ते उलटंपालटं करून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "शेवंता, कल्हई गेलीया की ह्याची. आसल्यात आंबट खाल्लं तर मानूस जातंय." झालं, काकूंनी स्वतःच्या हातानं ताट कल्हईवाल्या मामूकडं पोचतं केलं. तोवर नानांना पोरांची ताटली. तिच्यात दोन भाकऱ्या ठेवल्या की डोंगर दिसायचा, आणि काकूंना नवऱ्याला भरलेलं ताट वाढल्याचं समाधान मिळायचं.

पंधरा दिवस झाले, महिना झाला, ताट येईना. एकदा मामू गल्लीत दिसला तेव्हा काकूंनी धरला. मामूनं आत्याकडं बघितलं, आत्यानं आभाळाकडं.

"कथील नै आया, भाभी," मामू म्हणाला. "बंबई में अटक्या."

ताट दुसऱ्याच दिवशी झालं होतं, हे मला मामूच्या बायकोनं सांगितलं. आत्यानं त्याला सांगून ठेवलं होतं की मी मागीन तेव्हाच द्यायचं.

दुसरं, जेवण लांबवलं. नाना जेवायचे म्हणजे कचेरीतली घंटी वाजायच्या आत जेवायचे. घरात घंटी नव्हती, पण त्यांच्या कानात वाजायची. घास तोंडात गेला की दुसरा हातात तयार. आत्या समोर बसायची. "हितं कोन घंटी वाजवतंय रं? घास तोंडात असला की हात मांडीवर." आणि घासाघासाला एक प्रश्न. "साहेबाची मडम काय खाती?" "सायेब कुनाला भितो?" "हेडक्लार्कची टोपी नवी हाय का धुतल्याली?" थोरल्या बहिणीला उत्तर द्यायचं म्हणजे आधी तोंड रिकामं करायला पाहिजे. त्यात भाकरी ती आपली कडक करायची, पापडासारखी पातळ, चुलीच्या कडेला उभी करून वाळवलेली. ती गिळता येतच नाही. मोडायची, चावायची, पुन्हा चावायची. आमच्या घरात आवाज यायचा. सासूबाई म्हणायच्या, "अगं, नानांचं अजून चाललंय?" दोन भाकऱ्यांना पाऊण तास लागायचा आणि उठताना नाना आपले आपण म्हणायचे, आज जरा जास्तच झालं.

भाकरीच्या आधी पाला. माठ, चाकवत, अंबाडी, जे मिळेल ते, नाहीतर काकडी, मुळा, कांदा. वर पातळ ताक. "आदी पाला, मग भाकर. गाभन नसताना शेळीचं पोट सुटल्यालं बगितलंय का कुनी?" आणि शेवटी ताटलीवरून उठताना तिचं ठरलेलं वाक्य, "पोटात एका पाव्हन्याची जागा ठिवायची. पाव्हना कवा यील न्हाय सांगता येत." नानांनी एकदा चिडून विचारलं, "आक्का, कोण पाहुणा? महिना झाला, कुणी आला नाही." "आला म्हंजी जागा नगं का?" ती म्हणाली.

तिसरी तानी. आत्याचा गुडघा रोज पहाटे दुखायचा. फक्त पहाटे. दुपारी ती शिडी लावून माळवदावर शेंगा वाळत घालायची. पण पहाटे तिला पाऊल उचलायचं नाही, आणि तानीला तर गावाबाहेरच्या बाभळीत चरायला न्यायलाच पाहिजे.

"आक्का, मी कचेरीचा माणूस," नाना म्हणाले. "बिल्ला आहे मला. मी शेळी राखू?"

"बिल्ला किती दिस ऱ्हानार त्ये शेळीच ठरवील," आत्या म्हणाली.

नाना गेले. कुणी ओळखू नये म्हणून डोक्यावरून घोंगडी घेऊन गेले. पण शेळीला सगळी गल्ली ओळखत होती! तानी मोठी खोडकर. सरळ चालायची, चालायची, आणि एकदम कुणाच्या तरी परसात घुसायची. मग नाना मागं, घोंगडी जमिनीवर, आणि दातवण करत उभे असलेले लोक, "नाना, डावीकडं गेली, डावीकडं!" पहिल्या आठवड्यात त्यांना परत यायला दोन ठिकाणी बसावं लागायचं. महिन्यानं ते तानीच्या पुढं चालायला लागले.

मध्ये एकदा नानांनी चोरी केली. कचेरीतून येताना खिशात शेवचिवड्याची पुडी. दारात तानी बांधलेली. तिनं वास घेतला, खिशात तोंड घातलं आणि भर गल्लीत पुडी ओढून काढली. शेव सगळी रस्त्यावर. नानांचं तोंड बघण्यासारखं झालं. आत्या बाहेर आली. भावाकडं बघितलंसुद्धा नाही. तानीचा कान धरला आणि म्हणाली, "दुसऱ्याचं चोरून खाऊ नगं गं बाई. भूक लागली तर मागून घ्यावं." दुसऱ्या दिवसापासून नानांच्या त्याच खिशात ती स्वतः मूठभर फुटाणे घालायला लागली.

पण शेवंताकाकूंचं मन जळत होतं. एक दिवस विहिरीवर त्यांचा बांध फुटला. "वन्सं, गालफडं बसली ओ त्यांची! लोक म्हनतील शेवंता नवऱ्याला उपाशी मारती."

"लोक पट्टा बांधनार हायती का?" आत्या म्हणाली. मी घागर भरता भरता कान तिकडंच लावून होते. मग आत्या हळू आवाजात म्हणाली, "शेवंता, त्यो घरी बसला तर पैल्यांदा तुजी पळी थांबंल, माजी न्हाय. मला हाय की तानी." त्या दिवसापासून पालेभाजी काकूच निवडायला लागल्या.

तपासणी तीन दिवसांवर आली. पट्टा अजून एक बोटभर कमी. आणि नेमकं काकूंच्या माहेरी, कुंभारीला, त्यांच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. टाळता येणार नव्हतं. शेजारी म्हणून आम्हीही गेलो. आता तुम्हाला सांगायला पाहिजे, पंगतीत नानांचं नाव होतं. बुंदीचे अकरा लाडू आणि वर एक पैजेचा, हे त्यांचं ठरलेलं. मांडवात पाय ठेवला तोच मेहुणा ओरडला, "दाजी आले! परात आना रं!" चार माणसं दोन्ही हात धरून पाटावर बसवायला लागली. अशा वेळी नको म्हणणं म्हणजे सासुरवाडीचा अपमान. नानांनी बहिणीकडं असं बघितलं, जसा बुडता माणूस काठाकडं बघतो.

आत्या बायकांतून उठली आणि मांडवाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"माजा भाऊ बसनार न्हाय," ती म्हणाली. "साहेबाच्या हाताखालचा मानूस हाय त्यो. पोरीच्या लग्नात आज त्यो सोता वाढनार हाय. हाय का कुनाच्या लग्नात बिल्लेवाला वाढपी?"

मेहुण्याची छाती फुगली. नानांच्या हातात लाडवांची परात आली. मग काय सांगू तुम्हाला! बावीस वर्षं ज्या माणसाला सगळ्यांनी आग्रह करून करून फुगवलं, त्यानं त्या दुपारी सगळं फेडलं. "पावणं, माजी शपथ!" "अहो, एवढ्यानं काय होतंय?" ज्यानं ज्यानं त्यांना आजवर पैजेचा लाडू चारला होता त्याच्या पानात तीन-तीन. वाकायचं, वाढायचं, सरकायचं, पुन्हा वाकायचं. तीन पंगती उठल्या. घामानं सदरा पाठीला चिकटला. वाढप्याला कुणी आग्रह करत नाही, हे नानांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. शेवटी वाढपी बसले तेव्हा लाडवांची परात त्यांच्यापुढं आली. दिवसभर त्याचाच वास नाकात. नानांनी एक घेतला, अर्धा मोडला, आणि पानावर हात आडवा धरला.

"साकू," नाना म्हणाले.

आत्या दोन हातांच्या अंतरावर बसली होती. तिला ऐकू आलं नसल्यासारखं तिनं कान खाजवला.

तपासणीच्या दिवशी पट्टा शेवंताकाकूंनी लावला. मी दारात उभी. काकूंनी श्वास धरला, नानांनी धरला, मीसुद्धा धरला. बक्कलाचा काटा शेवटच्या भोकात गेला, आणि नानांनी श्वास सोडला तरी राहिला. काकूंनी पदर डोळ्याला लावला. "हाडं दिसाय लागली ओ माज्या धन्याची." दिसत तर एकही नव्हतं, पोट अजून चांगलं होतं, पण पट्ट्यात होतं.

कचेरीतलं नानांनीच सांगितलं. वरच्या साहेबानं पट्टा बघितला, मग आपला साहेब म्हणाला, हाच तो. वरच्या साहेबानं विचारलं, "कोणतं औषध घेतलं?" नाना घाबरून म्हणाले, "शेळी, साहेब."

साहेबांना वाटलं शेळीचं दूध. चार दिवसांत ही बातमी कचेरीभर झाली, आणि आठव्या दिवशी तिथला गोलमटोल हेडक्लार्क काळा कोट घालून, तांब्या घेऊन आमच्या गल्लीत हजर. आत्यानं त्याच्या पोटावर चापट मारली. तो दचकून मागं सरला.

"दूध मिळत न्हाय," आत्या म्हणाली. "शेळी मिळंल. पाटं या."

आणि पहाटे आला! कोट, टोपी, हातात तानीची दोरी. नाना दारात उभे राहून दातवण करत म्हणत होते, "साहेब, डावीकडं गेली, डावीकडं!"

आत्या जायला निघाली त्याच्या आदल्या दिवशी काकूंनी पुरणपोळ्या केल्या. गल्लीतल्या बायकांना बोलावलं. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "माज्यानं काय झालं न्हाय. शेवंतानं बारीक केला माज्या भावाला. तिचा हात म्हून झालं." काकूंची मान पुन्हा ताठ झाली, पूर्वीपेक्षा चार बोटं जास्तच. त्यांनी मोठ्या मायेनं नणंदेच्या पानात पोळी वाढली. आत्यानं चतकोर मोडली, खाल्ली, हात आडवा धरला. "साकू." बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. केवढा संयम, म्हणाल्या.

दुपारी मी तानीला भाजीचे देठ घालायला मागच्या परसात गेले. गोठ्याच्या आडोशाला कसला तरी लखलखाट दिसला. जवळ जाऊन बघते तर आत्या मांडी घालून बसलेली, आणि तिच्यापुढं ते सुपाएवढं ताट. मुंबईत अडकलेलं कथील शेवटी आलं होतं. ताट आरशासारखं. त्यात तीन पुरणपोळ्या, आणि प्रत्येकीवर तुपाचं तळं.

"आत्या!"

ती दचकली नाही. तोंडातला घास चाळीसदा चावला, गिळला, मांडीवरचा हात उचलून मला जवळ बोलावलं.

"वरडू नगं," म्हणाली. "पाव्हना आलाय."

आणि ताट माझ्याकडं सरकवून म्हणाली, "बस. तुजा माठ अजून रिकामाच वाजतोय."